भरावावरची झाडे धरण धरून ठेवतात?

‘झाडांची मुळे माती घट्ट धरतात, म्हणून मातीच्या धरणावर झाडे असलेली बरी,’ हे वर्षानुवर्षे सांगितले जाते. डोंगरउतारावर ते खरे आहे. धरणाच्या भरावावर मात्र नेमके उलटे घडते.

झाड मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी भरावात पोकळ नळ्या उरतात. पाण्याला आयती वाट मिळते. पाणी मातीचे कण ओढून नेऊ लागले की भराव आतून पोखरला जातो. वादळात झाड उन्मळले तर मुळांबरोबर मातीचा मोठा गोळाच निघतो. शिवाय दाट सावलीत गवत टिकत नाही. भरावाला खरी गरज असते ती याच आखूड गवताची.

पूरनियंत्रणाच्या लहान धरणांत हा धोका लवकर उमगत नाही, कारण ती बहुतेक काळ रिकामीच असतात. दोष कळतो तो ऐन पुरात.

मग झाडे तोडून टाकायची? नुसती तोडली तर बुंधा आणि मुळे आतच कुजणार. मोठी झाडे अभियंत्याच्या देखरेखीखाली, पाणी उतरलेले असताना मुळासकट काढून खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो.

पायथ्याशी पाझर दिसला तर पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा. नितळ पाझर थोडाफार सगळ्याच मातीच्या धरणांना असतो, वाढत नाही ना एवढे पाहायचे. बाटलीच्या तळाशी माती बसली, तर लगेच धरणाच्या यंत्रणेला कळवा.