विद्यार्थी वैमानिक परवाना : ठाणे-नवी मुंबईतील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाल्यापासून उलवे-पनवेलकडच्या घरांत दहावी-बारावीची मुले विमानांकडे बोट दाखवून "हे चालवायला शिकायचे तर अर्ज कुठे करायचा" असे विचारू लागली तर नवल नाही. त्या विमानतळावर मात्र हे शिक्षण मिळत नाही, आणि ठाणे जिल्ह्यातही लहान विमानाचे उड्डाण शिकवणारी धावपट्टी नाही. 1928 मध्ये जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षणसुद्धा आता धुळ्याच्या धावपट्टीवर चालते. त्याखेरीज बारामती, जळगाव आणि गोंदिया ही राज्यातील प्रशिक्षणाची परिचित ठिकाणे आहेत. म्हणजे विमानासाठी जिल्हा सोडावा लागणार हे गृहीत धरावे. कागदपत्रांचे जवळजवळ सगळे काम मात्र घरी राहून होते, आणि प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी ते उरकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिला परवाना म्हणजे विद्यार्थी वैमानिक परवाना, ज्याला या क्षेत्रात सगळे एसपीएल म्हणतात. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांखाली मिळतो आणि त्याच्या अटी 1937 च्या विमान नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेल्या आहेत. अर्जदाराचे वय किमान 16 वर्षे पूर्ण असावे, तो मान्यताप्राप्त मंडळाची दहावी किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण असावा आणि वैद्यकीयदृष्ट्या पात्र असावा, एवढ्याच मुख्य अटी आहेत. बारावीला विज्ञान शाखा असण्याची अट या टप्प्यावर नाही. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय पुढे व्यावसायिक परवान्यासाठी मागितले जात आले आहेत, त्यामुळे ज्याला नोकरीच्या वाटेने जायचे आहे त्याने अकरावीला शाखा निवडतानाच हा विचार केलेला बरा. अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास प्रशिक्षण संस्था पालकांचे लेखी संमतिपत्र मागते. इंग्रजी वाचता, बोलता आणि समजता येणे आवश्यक आहे, कारण नियंत्रण कक्षाशी होणारे बोलणे आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी याचा धसका घेऊ नये, रेडिओवरची भाषा ठराविक वाक्यांची असते आणि सरावाने ती जिभेवर बसते.

सर्वांत आधी करायचे काम म्हणजे वैद्यकीय तपासणी. अनेक कुटुंबे हा क्रम उलटा करतात आणि मग पस्तावतात. माझ्या ओळखीच्या, ऐरोलीत राहणाऱ्या एका कुटुंबाने मुलाच्या प्रवेशाचा पहिला हप्ता भरला आणि त्यानंतर तपासणी करून घेतली, तेव्हा मुलाला लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत हे पहिल्यांदा उघड झाले. बारा वर्षे शाळेत गेलेल्या मुलाची ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. भरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी त्यांना किती हेलपाटे घालावे लागले, ते न विचारलेले बरे.

या टप्प्यावर दुसऱ्या श्रेणीची तपासणी लागते, जिला क्लास टू मेडिकल म्हणतात. ती कोणत्याही डॉक्टरकडे चालत नाही. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते आणि मुंबई परिसरातले डॉक्टरही तीत आहेत. अर्जदाराने आधी डीजीसीएच्या ई-जीसीए या ऑनलाइन अर्जांच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून वैयक्तिक माहिती भरावी आणि मगच डॉक्टरांची वेळ घ्यावी. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान आणि डोळे अशा तपासण्या होतात. डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांची पाने असलेले एक पुस्तक समोर धरतात आणि ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायला सांगतात. ज्याला रंग नीट दिसतात तो ते पान पाहताक्षणी वाचतो आणि ज्याला दिसत नाहीत त्याला नुसते ठिपके दिसतात. हा हट्ट निष्कारण नाही. विमानातला रेडिओ बंद पडला तर नियंत्रण मनोऱ्यावरून दिव्याने इशारे देतात, आणि उतरण्याच्या तयारीतील वैमानिकाला स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरण्याची परवानगी, तर स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहणे. चष्मा असणे ही मात्र अडचण नाही. चष्म्यासह दृष्टी ठरलेल्या प्रमाणात येत असेल तर पात्रता मिळते, फक्त उड्डाणाच्या वेळी चष्मा लावण्याची अट प्रमाणपत्रावर येते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. डॉक्टरांनी तोंडी "सगळे ठीक आहे" म्हटले की काम झाले, असे नाही. डॉक्टर आपला अहवाल पुढे पाठवतात, डीजीसीएचा वैद्यकीय विभाग त्याचे मूल्यांकन करतो आणि त्यांचा निर्णय खात्यात दिसला की मगच अर्जदार पात्र ठरतो. काही वेळा एखादी चाचणी पुन्हा मागवली जाते. त्यामुळे हा निर्णय हाती येईपर्यंत कोणत्याही संस्थेत मोठी रक्कम भरू नये. व्यावसायिक परवान्यासाठी पुढे पहिल्या श्रेणीची अधिक कडक तपासणी लागते, परंतु तिची वाट दुसऱ्या श्रेणीतूनच जाते.

कागदपत्रांत लागतात ती अशी : दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावी झाली असल्यास तिचीही, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीचे छायाचित्र, सहीची स्कॅन केलेली प्रत आणि वैद्यकीय मूल्यांकन. प्रशिक्षण संस्था सहसा पोलीस पडताळणीचा दाखलाही मागतात. तो आपण ज्या हद्दीत राहतो त्या, म्हणजे ठाणे किंवा नवी मुंबई, पोलीस आयुक्तालयाकडून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज वैद्यकीय तपासणीच्या सुमारासच टाकून ठेवावा. पासपोर्ट नसेल तर तोही काढून घ्यावा.

यादी सरळ आहे; अडचण होते ती नावाची. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि त्यानंतर वडिलांचे नाव असते. आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी येते, आणि पासपोर्टवर नाव व आडनावाच्या वेगळ्या ओळी असतात. त्यात कुठे वडिलांचे नाव गाळलेले, तर कुठे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त. बँकेत हे सगळे खपून जाते, येथे अर्ज परत येतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे त्याच्याशी जुळवून घेणे सर्वांत सोपे पडते, कारण आधारमधील दुरुस्ती सेवा केंद्रात होते, परंतु मंडळाच्या प्रमाणपत्रातील दुरुस्ती शाळेमार्फत करावी लागते आणि ती रेंगाळते. नाव खरोखरच बदलले असेल तर शासन राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडावी. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये.

पुढच्या लेखी परीक्षांसाठी डीजीसीएकडून जो क्रमांक घ्यावा लागतो त्याला कॉम्प्युटर नंबर म्हणतात, आणि त्यासाठी गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी लागते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची येथे सोय आहे, कारण राज्य मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. धुळ्याहून किंवा बारामतीहून सुटी काढून या कामासाठी परत येण्यापेक्षा निघण्यापूर्वीच ते उरकून घ्यावे.

एवढी तयारी झाल्यावर संस्थेत प्रवेश घ्यावा. ती संस्था डीजीसीएची मान्यताप्राप्त आहे का, हे महासंचालनालयाच्या यादीवर स्वतः पाहावे. माहितीपत्रकातल्या छायाचित्रांवर जाऊ नये. किती विमाने प्रत्यक्ष उडण्याच्या स्थितीत आहेत आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना महिन्याला किती तास मिळतात, हे तेथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावे, आणि शुल्क एकरकमी न भरता उड्डाणाच्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने भरता येईल का ते पाहावे. पावसाळ्याचाही हिशेब ठेवावा. नवशिक्याचे उड्डाण डोळ्यांनी जमीन पाहून होते, 10,000 फुटांखाली त्यासाठी साधारणपणे 5 किलोमीटरची दृश्यमानता लागते, आणि ढग खाली आले की विमाने हँगरमध्येच राहतात. म्हणून जून ते सप्टेंबर कागदांसाठी आणि अभ्यासासाठी ठेवून पावसानंतर उड्डाण सुरू करणे सोयीचे पडते.

परवान्यासाठीची परीक्षा संस्थाच घेते. हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिन हे विषय असतात, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 70 टक्के गुण लागतात. प्रश्न पुस्तकी कमी आणि कामाचे जास्त असतात. उदाहरणार्थ, सकाळच्या पहिल्या उड्डाणापूर्वी पंखाखालच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळीत का काढतात, हे विचारले जाऊ शकते. लहान विमानांचे पेट्रोल निळसर असते. रात्रभरात टाकीत पाणी साचले असेल तर ते जड असल्याने नळीच्या तळाशी रंगहीन थेंबासारखे वेगळे दिसते, आणि ते दिसेनासे होईपर्यंत इंधन काढत राहायचे असते.

परवाना मिळाला म्हणजे विमान घेऊन कुठेही जाता येते, असा समज करून घेऊ नये. त्यावर केवळ भारताच्या हद्दीत आणि प्रशिक्षकाच्या अधिकाराखाली व देखरेखीखाली उडता येते, आणि प्रवासी नेता येत नाहीत, आईवडिलांनाही नाही. एकट्याने दुसऱ्या गावापर्यंत जाण्यासाठी किमान 10 तासांचे सोलो, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकट्याने केलेले, उड्डाण झालेले असावे लागते. स्वतःच्या हौसेसाठी विमान चालवण्याचा खासगी परवाना 17 व्या वर्षी मिळू शकतो आणि त्याला एकूण 40 तासांचे उड्डाण लागते, त्यात 150 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 278 किलोमीटरचा, एकट्याने केलेला एक प्रवास असतो. व्यावसायिक परवान्याला वय 18 आणि उड्डाण 200 तास लागते.

हे सगळे तास मोजले जातात ते लॉगबुकवरून, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीवरून. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याच दिवशी करावी, प्रशिक्षकाची सही तेव्हाच घ्यावी आणि संस्था बदलण्याची वेळ आली तर निघण्यापूर्वी पानांच्या बेरजा तपासून प्रमाणित करून घ्याव्यात, कारण प्रशिक्षक नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेल्यावर एका सहीसाठी ठाण्याहून तिथवर जाणे विद्यार्थ्याच्याच वाट्याला येते.