वीटभट्टीची उचल (उत्तर कोकण)

भट्टीवर जायच्या आधीच मालकाकडून नाहीतर मुकादमाकडून घेतलेले पैसे म्हणजे उचल. रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी वाड्यांवर ती बहुतेक पावसाळ्यात घेतली जाते, घरात दाणा नसतो, कोणी आजारी असतं, नाहीतर लग्न निघालेलं असतं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड पोराबाळांसकट भट्टीवर जातं ते मिरगाच्या तोंडावर परत येतं.

कातकरी मजुरीला कधीपासून लागले यावर एकमत नाही. कातकऱ्यांचा जुना धंदा खैरापासून कात काढायचा, १८७८ च्या वन कायद्याने जंगल बंद झालं आणि लोक मजुरीला लागले असं एक मत. दुसरं असं की मजुरी त्याआधीचीच, १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये कातासोबत मजुरी आणि सरपण विकणंही येतं. तरी कायद्यानंतर दुसरा आधारच उरला नाही हे पहिल्या मतातलं म्हणणं जास्त पटतं. मधे कोळसाभट्ट्यांचा काळ येऊन गेला, विटांचं काम त्यामानाने अलीकडचं, मुंबई आणि आसपासच्या बांधकामाबरोबर वाढलेलं.

रेट हजार विटांमागे, आणि तो जोडीला म्हणजे नवराबायकोला मिळून. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते, शेवटी हिशोबात उचल आणि खर्ची दोन्ही कापतात, फिटलं नाही तर बाकी पुढच्या सीझनला अंगावर. मजुरी नगावर असल्याने पोरांचे हात लागले की विटा वाढतात. आठ-नऊ वर्षांची पोर ओल्या विटा वाळायला उलटते, पाणी आणते, धाकट्याची झोळी हलवते, पण वहीत तिचं नाव कुठेच नाही, आईबापासोबत आलीय एवढंच. बालमजुरी मोजताना हीच मुलं सुटतात आणि हे फार गंभीर आहे.

उचलीपायी माणूस बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे, आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर आहे, मजुरावर नाही. वाडीवर हे कोणी सांगत नाही.

शाळेचं दुसरं सत्र जवळपास सगळंच बुडतं. वसई भागात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या, भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. परतलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि राहिलेलं वेगळं शिकवायचं असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण अक्षरओळख नसलेलं पोर नुसतंच पाचवीत बसवतात तेव्हा त्यातला निम्माच भाग पाळलेला असतो.