गटनेता कोण आणि प्रतोद कोण?

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. सकाळी आठच्या सुमारास राजभवनातला देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी टीव्हीवर दिसला आणि नऊ वाजायच्या आत मला ओळखीतल्या सहा जणांचे फोन येऊन गेले. त्यात निफाडचे मामा होते. बागेत फवारणी चालू होती, ती थांबवून त्यांनी फोन लावला होता.

"अरे, राष्ट्रवादीचे गटनेते अजितदादाच ना? मग व्हिप त्यांचाच चालणार. बाकीच्यांनी विरोधात मत दिलं की आमदारकी गेली. बरोबर?"

"मामा, गटनेता वेगळा आणि व्हिप काढणारा प्रतोद वेगळा."

"एकच की रे ते."

मामांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या चार दिवसांत भल्याभल्यांनी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले. पक्षात नेतानिवडीवरून भांडण लागलं की सगळा गोंधळ नेमका इथेच होतो. म्हणून हे दोघे एकदा शेजारी शेजारी उभे करून बघू.

गटनेता म्हणजे सभागृहात निवडून आलेल्या त्या पक्षाच्या सदस्यांचा नेता. विधानसभेत त्याला विधिमंडळ पक्षनेता म्हणतात, महापालिकेत आणि जिल्हा परिषदेत सरळ गटनेता. आपल्या गटाच्या वतीने तो अध्यक्षांशी, महापौरांशी, राज्यपालांशी बोलतो. आमच्या गटात इतके जण आहेत, आमचा पाठिंबा अमुकला आहे, हे पत्र त्याचं जातं. प्रतोदाचं काम वेगळं. आपले सदस्य सभागृहात हजर ठेवायचे आणि पक्षाने ठरवलं तिकडेच त्यांचं मत पडेल हे पाहायचं. प्रतोद या संस्कृत शब्दाचा अर्थच चाबूक. आपल्याकडे 'व्हिप' हा शब्द माणसालाही लावतात आणि त्याने काढलेल्या कागदालाही, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. कागदाला मी इथे पक्षादेश म्हणतो. त्याखाली तीन रेघा ओढल्या असतील तर तो सर्वांत कडक.

मला हा फरक एका रात्रीत कळला. मी काही वर्षं नाशकात एका पक्षाच्या कार्यालयात टायपिंगचं काम करत होतो. प्रभाग समितीच्या सभापतीची निवडणूक होती. गटात दोन तट पडले होते आणि मूळ भांडण गटनेतेपदाचंच होतं. ज्याच्या मागे नगरसेवकांच्या सह्या जास्त तो गटनेता झाला होता, शहराध्यक्षांना मात्र दुसराच माणूस हवा होता. महिनाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी नेहमीसारखा पक्षादेश टाइप केला, "आपणांस याद्वारे आदेश देण्यात येतो की", आणि खाली गटनेत्यांचं नाव टाकून सही घेतली. कागद वाटण्याआधी आमच्या वकीलसाहेबांच्या नजरेखालून घालावा म्हणून गेलो. त्यांनी वरचा मजकूर वाचलाच नाही. बोट थेट सहीवर ठेवलं.

"ही सही कुणाच्या अधिकाराने?"

"गटनेते आहेत ते, साहेब."

"गटनेता आहे हे मलाही ठाऊक आहे. पक्षादेश काढायचा अधिकार पक्षाने त्याला दिला, तो कागद कुठाय?"

तो कागद नव्हताच. कुणी मागितला नव्हता, कुणी दिला नव्हता. पुढचे पाच तास शहराध्यक्षांचं घर, पक्ष कार्यालय आणि परत वकीलसाहेब अशा फेऱ्या झाल्या. शेवटी पक्षाने अधिकारपत्र दिलं ते प्रतोदाच्या नावाने. मी नवीन पक्षादेश टाइप केला, या वेळी खाली प्रतोदाचं नाव.

त्या एका बोटामागे कायदा होता. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, म्हणजेच आपण ज्याला पक्षांतरबंदी कायदा म्हणतो तो. त्यात सदस्यत्व जाण्याचं एक कारण असं आहे: राजकीय पक्षाने, किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने काढलेल्या आदेशाविरुद्ध मत देणं किंवा गैरहजर राहणं. तिथे गटनेता हा शब्द नाही, प्रतोद हाही नाही. आहे तो पक्ष, आणि पक्षाने अधिकार दिलेला माणूस. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांसाठी आपल्या राज्याचा १९८६चा वेगळा अनर्हता (म्हणजे अपात्रता) अधिनियम आहे, त्याचीही धाटणी हीच. २००० साली महाराष्ट्रातल्याच एका नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं पद काढून घ्यायचं असेल तर कायद्यातली प्रत्येक पायरी काटेकोर पाळलेली असली पाहिजे. म्हणजे सही चुकीची असेल तर पुढचं सगळं मुसळ केरात.

मग गटनेतेपदासाठी माणसं एवढी का भांडतात? कारण रोजची सत्ता तिथे आहे. आपल्या नाशिक महापालिकेचंच घ्या. निकाल लागले की निवडून आलेल्यांच्या गटाची नोंदणी नाशिकरोडला विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात होते. निवडणुकीनंतर आघाडी करायची तर त्यालाही निकालाच्या अधिसूचनेपासून एक महिन्याचीच मुदत. ही नोंदणी झाली की खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीच्या १६ जागा तौलनिक संख्याबळाने, म्हणजे गटाच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात, वाटल्या जातात. २०१७ मध्ये १२२ पैकी भाजपचे ६६ आणि शिवसेनेचे ३५ निवडून आले होते. ६६ ला १६ ने गुणून १२२ ने भागलं तर ८.६६ येतात, ३५ चे ४.५९. या दशांशांवरूनच वाद पेटतात, कारण एखादा नगरसेवक इकडचा तिकडे झाला, एखादी जागा रिकामी झाली, की सोळावा माणूस कुणाचा हे बदलू शकतं. आणि वाट्याला आलेल्या जागांवर कोण बसणार? ती नावं बंद पाकिटात घालून गटनेता राजीव गांधी भवनातल्या सभागृहात महापौरांच्या हाती देतो. पाकीट फुटेपर्यंत वीस जण आशेवर असतात. स्वीकृत सदस्यांची नावंही गटनेत्यामार्फतच पुढे जातात. ज्याच्या हातात पाकीट त्याच्या दारात गर्दी.

(सभागृहनेता आणि विरोधी पक्षनेता ही आणखी वेगळी पदं. सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता तो सभागृहनेता, विरोधातल्या मोठ्या पक्षाचा तो विरोधी पक्षनेता, आणि दोघांनाही महापौरांची मान्यता लागते.)

विधानसभेत गटनेतेपद आणखी मोठं, कारण बहुमतातल्या पक्षाचा नेता मुख्यमंत्री होतो. नाशिक जिल्ह्याच्या मनात याची एक जुनी ठसठस आहे. मालेगाव तालुक्यातल्या निमगावचे भाऊसाहेब हिरे. कुळकायद्याच्या काळातले महसूलमंत्री, प्रदेश काँग्रेसचा मोठा आधार. ऑक्टोबर १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचा नेता ठरवायची वेळ आली. मोरारजी देसाई स्पर्धेतून बाजूला झाले आणि काँग्रेस विधिमंडळ पक्षात भाऊसाहेब हिरे विरुद्ध यशवंतराव चव्हाण अशी चक्क मतमोजणी झाली. चव्हाण मोठ्या फरकाने जिंकले आणि १ नोव्हेंबरला राज्य अस्तित्वात आलं ते त्यांच्या नेतृत्वाखाली. आमच्याकडची जुनी माणसं अजून म्हणतात की भाऊसाहेबांच्या हातून मुख्यमंत्रिपद निसटलं. त्यांच्या हळहळीबरोबर मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. भांडण होतं, पण ते मतपेटीत उतरलं, आकडा सगळ्यांसमोर आला आणि हरलेल्याला आपण कशाने हरलो हे कळलं.

पुढे ही रीत मागे पडली. "नेता निवडीचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत", असा एका ओळीचा ठराव करायचा, निरीक्षकांनी एकेका आमदाराला आत बोलावून मत विचारायचं आणि नाव वरून यायचं. नेता जाहीर एकमताने होतो. ४ डिसेंबर २०२४ ला विधान भवनात भाजपच्या आमदारांनी देवेंद्र फडणवीसांना नेता निवडलं तेव्हाही केंद्रीय निरीक्षक म्हणून निर्मला सीतारामन आणि विजय रुपाणी हजर होते. माझं स्पष्ट मत आहे की आमदारांची खरी मतं मोजली जात नाहीत म्हणूनच नाराजी साचते, आणि पुढे ती रात्रीच्या विमानांतून आणि हॉटेलांतून बाहेर पडते.

आता मामांच्या प्रश्नाकडे. अजितदादा गटनेते होते आणि त्यांनी राज्यपालांना दिलेल्या पत्राबरोबर ५४ आमदारांच्या सह्या होत्या. इथवर गटनेत्याचंच काम. पण त्याच दिवशी पक्षाने त्यांना त्या पदावरून काढलं आणि अधिकार जयंत पाटलांकडे दिले. काढलं ते चाललं का, की आमदारांनी निवडलेला नेता आमदारांनीच काढायचा, यावर वकील तावातावाने बोलत होते. उत्तर लागायची वेळच आली नाही. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याच दुपारी राजीनामे झाले.

उत्तर आलं ते पुढच्या बंडातून, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा माणूस मधोमध होता. २० जून २०२२ ला विधान परिषदेचं मतदान झालं. ते गुप्त असतं, त्यामुळे पक्षादेश तिथे फारसा कामाचा नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतकडे निघाले. २१ तारखेला शिवसेनेने त्यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरींना नेमलं. प्रतोद सुनील प्रभू होतेच. शिंदेंकडच्या आमदारांनी उलट ठराव केला: गटनेते शिंदेच आणि प्रतोद भरत गोगावले. एका पक्षाचे दोन गटनेते आणि दोन प्रतोद! अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती, कारभार उपाध्यक्षांकडे. ते होते दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ. त्यांनी चौधरींना मान्यता दिली, शिंदेंकडच्या १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. सरकार बदललं, ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले आणि मान्यता उलटी फिरली. आता शिंदे नेते, गोगावले प्रतोद.

११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सभागृहातला नेता आणि प्रतोद, दोघांनाही राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे. ३ जुलैची मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि पक्षाची घटना पाहून, चौकशी करून योग्य नेता आणि प्रतोद ओळखा, असं अध्यक्षांना सांगितलं. म्हणजे ज्याच्यामागे आमदारांच्या सह्या जास्त तो आपोआप नेता होत नाही. हे तत्त्व मला पटतं, कारण लोक मत देतात तेव्हा यंत्रावर पक्षाचं चिन्हही असतं. पण मग पक्ष कोणता, हा प्रश्न उरतोच. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी ठरवलं की खरी शिवसेना शिंदे गटाची, सबब गोगावल्यांची नेमणूक वैध. आमदार मात्र कुणाचाही अपात्र झाला नाही.

पक्षादेशाला मर्यादाही आहेत. त्याविरुद्ध मत दिलं तरी पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर सदस्यत्व वाचतं. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकार टिकण्या-पडण्याचा किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाचा प्रश्न असेल तिथेच या शिक्षेची धार असावी, एरवी सदस्याला स्वतःचं मत असू द्यावं. हे फार कमी जणांना माहीत असतं. पक्ष कार्यालयातल्या लोकांना तर ते सांगितलेलंही आवडत नाही.

त्या रात्रीचं राहिलं. नवीन पक्षादेश घेऊन आम्ही चौघं सिडकोत एका नगरसेविकेच्या घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दोन पंच, फोटो काढायला एक मुलगा आणि मी. दार सासूबाईंनी उघडलं. सून घरात नाही म्हटल्यावर आम्ही कागदाच्या मागे खळ लावून तो दाराला डकवला आणि पंचनामा लिहायला घेतला.

"पक्ष आमचाच ना हा? मग चोरासारखं दाराला काय डकवता?"

"ताई घरी असत्या तर हातात दिला असता, आजी."

"तिला सहलीला नेलंय. तुमच्याच गटनेत्याच्या माणसांनी नेलंय." मग त्यांनी चष्मा आणला, दाराशी वाकून कागद शेवटपर्यंत वाचला. "यावर त्याची सही नाही. दुसऱ्याचीच आहे."

"हीच लागते, आजी."

दुसऱ्या दिवशी ताई सभागृहात वेळेवर आल्या. मतदान हात वर करून होतं. नाव पुकारायच्या आधी त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, मागची खळ वाळून कडक झाली होती, आणि खालची सही पुन्हा एकदा नीट पाहिली.