थ्रिलर ओपनिंगचं शॉट प्लॅनिंग (विद्यार्थी फिल्म)

थ्रिलर ओपनिंगचं शॉट प्लॅनिंग म्हणजे फिल्मच्या पहिल्या दीड-दोन मिनिटांत कॅमेरा कुठे ठेवायचा, किती जवळ जायचं, किती सेकंद थांबायचं आणि कशानंतर काय दाखवायचं हे शूटच्या आधी कागदावर ठरवून घेणं. ह्यात शॉट लिस्ट म्हणजे शॉटची क्रमवार यादी आली, स्टोरीबोर्ड म्हणजे प्रत्येक शॉटचं कच्चं चित्र आलं, खोलीचा वरून बघितल्यासारखा नकाशा म्हणजे फ्लोअर प्लॅन आला, आणि वेळ असेल तर फोनवर काढलेले फोटो एकापुढे एक लावून केलेली कच्ची एडिट. बऱ्याच जणांना वाटतं प्लॅनिंग म्हणजे भारी भारी अँगल शोधणं, आणि तिथेच गाडी अडते, कारण थ्रिलरमध्ये आधी ठरवायची गोष्ट अँगल नाहीच, ती आहे की कुठली माहिती कोणाला आधी मिळणार, प्रेक्षकाला, पात्राला, की दोघांना एकदम. हे एकदा पक्कं झालं की निम्मी शॉट लिस्ट तिथेच लिहून होते.

अभ्यासक्रमात हे कुठून आलं

विद्यार्थ्यांनी अख्खी फिल्म न करता फक्त ओपनिंग करायचं, ही पद्धत ब्रिटनमध्ये चांगलीच रुळलेली आहे. तिथल्या ओसीआर ह्या परीक्षा मंडळाच्या एएस लेव्हल (साधारण अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांचा अभ्यासक्रम) मीडिया स्टडीजमध्ये २००८ पासून पुढे बरीच वर्षं हेच काम असायचं, एका नव्या काल्पनिक फिल्मची टायटल्स आणि सुरुवात, जास्तीत जास्त २ मिनिटं, गटात जास्तीत जास्त ४ जण, आणि चित्रण-आवाज सगळं स्वतःचं, बाहेरून घेता येणार ते फक्त कॉपीराइट-फ्री संगीत किंवा साउंड इफेक्ट. १०० पैकी २० मार्क निव्वळ रिसर्च आणि प्लॅनिंगला होते, ६० प्रत्यक्ष फिल्मला आणि २० नंतरच्या मूल्यमापनाला. त्याआधी एक छोटा सराव पण असायचा: एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडून खुर्चीत बसतो आणि समोरच्याशी दोन वाक्यं बोलतो. बस एवढंच. पण ह्या एवढ्याशा सरावात मॅच ऑन अॅक्शन (एकच हालचाल दोन शॉटमध्ये अखंड जुळवणं), शॉट-रिव्हर्स शॉट (बोलणाऱ्या दोघांना आलटून पालटून दाखवणं) आणि १८० डिग्रीचा नियम (तो पुढे येईलच) असं तिन्ही दाखवावं लागायचं. मला स्वतःला हा सराव अजूनही सगळ्यात चांगला वाटतो, कारण ज्याला साधं दार नीट कट करता येत नाही त्याच्या दारामागे कितीही भयंकर काही असू दे, प्रेक्षकाला फक्त झटका बसलेला कट दिसतो.

आपल्याकडे पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिथे आणि पुण्या-मुंबईच्या मास मीडियाच्या वर्गांमध्ये शॉट ब्रेकडाऊन शिकवतातच. भाषा मात्र बरीचशी सेटवरची रुळलीय, पुस्तकात ज्याला ओव्हर द शोल्डर म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याकडे बघणारा शॉट म्हणतात त्याला सेटवर सगळे सजेशन म्हणतात, कॅमेरा ठेवून सरकवायच्या गाडीला म्हणजे डॉलीला ट्रॉली, आणि उजेड उडवायच्या पांढऱ्या बोर्डाला थर्माकोल.

आधी कोणाला कळणार

सस्पेन्स फिल्म्सचा दिग्दर्शक हिचकॉकने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय, ते ह्या विषयातलं मूळ म्हणायला हरकत नाही. दोघं गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला तर प्रेक्षकाला धक्का बसतो तो १५ सेकंदांचा, पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाने आधीच बघितला असेल तर त्याच गप्पा १५ मिनिटं जीव टांगणीला लावतात. आता ह्याचं शॉटमध्ये भाषांतर करा. धक्का हवा असेल तर कॅमेरा पात्राबरोबर राहतो, पात्राला दिसेल तेवढंच दाखवतो. सस्पेन्स हवा असेल तर कॅमेरा एक पाऊल पुढे जाऊन बसलेला असतो. आणि गूढ हवं असेल तर उलटं, पात्राला काहीतरी माहीत असतं आणि कॅमेरा ते आपल्याला दाखवत नाही, पाठ दाखवतो, हात दाखवतो, चेहरा नाही. दोन मिनिटांत ह्यातलं एकच निवडावं. तिन्ही एकदम करायला गेलं की काहीच धड होत नाही.

एक उदाहरण, शॉटनुसार

समजा पावसाळ्यातली रात्र आहे, जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी एकटी राहते, ती घरी येते आणि घरात शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे आहेत, आत गेलेले, बाहेर आलेले नाहीत. गोष्ट एवढीच. भूत नाही, चाकू नाही.

पहिला शॉट जिन्यावरून खाली बघणारा, कठड्याच्या गजांमधून, ती खाली लहानशी दिसते, छत्री मिटते, चढायला लागते. हा ८-९ सेकंद चालू दे, कारण फ्रेमची डावी बाजू रिकामी ठेवलीय ती टायटलसाठी. मग पायांचा क्लोज, चप्पल पायरीवर चिकटून सुटण्याचा आवाज. मग हात, किल्ली, कुलूप. मग दार उघडताना कट करून कॅमेरा आत, खाली, अगदी फरशीला टेकवलेला, दारात तिची काळी आकृती, आणि समोर, लेन्सपासून हातभर अंतरावर, तो ओला ठसा. ती अजून दिव्याचं बटण चाचपडतेय. तिला दिसलेलं नाही, आपल्याला दिसलंय. सगळ्या ओपनिंगचा जीव ह्या एका शॉटमध्ये आहे म्हणून त्याला घाई करायची नाही, ५-६ सेकंद तरी. दिवा लागतो, ती बॅग ठेवते, केस पुसते, कोणाला तरी फोनवर पोचले म्हणून सांगते, आणि हे सगळं एकाच मिडशॉटमध्ये (साधारण कमरेपासून वर), कट न करता, कारण प्रेक्षक आता मनातल्या मनात ओरडतोय की खाली बघ, आणि आपण कट केला की त्याचा ताण सुटतो. मग ती वाकते चप्पल काढायला. तिच्या चेहऱ्याचा क्लोज, नजर खाली. मग तिचा पीओव्ही, म्हणजे तिच्या नजरेतून दिसणारा शॉट, ठसे, आतल्या खोलीच्या दारापर्यंत. मग आतल्या खोलीतून, अंधारातून, तिच्याकडे बघणारा लाँग शॉट. हा शेवटचा शॉट कोणाचा आहे ते सांगायचं नाही.

मोजलं तर हे जेमतेम नऊ शॉट आहेत. २ मिनिटं म्हणजे १२० सेकंद, सरासरी ५ सेकंदांचा शॉट धरला तर २४ आणि ३ सेकंदांचा धरला तर ४० शॉट बसतात, पण बसतात म्हणून घ्यायचे असं नाही. एका रात्रीत नवख्या टीमचे दहा-बारा सेटअप, म्हणजे कॅमेरा आणि दिवे नव्याने लावणं, नीट झाले तरी पुष्कळ झाले. व्यावसायिक लोकांनाही हे सुटत नाही, हिचकॉकच्याच सायकोमधला शॉवरचा प्रसंग पडद्यावर पाऊण मिनिटाचा आहे आणि त्यासाठी ७ दिवस आणि ७० च्या वर सेटअप लागले होते.

ओल्या ठशांचा एक प्रॅक्टिकल त्रास म्हणजे ते वाळतात, शहाबादीवर तर पंखा चालू असेल तर बघता बघता नाहीसे होतात. पाण्यात थोडं ग्लिसरीन घातलं की टिकतात आणि चमकतात पण, फक्त शूट संपल्यावर फरशी नीट पुसायची कारण घसरायला होतं. आणि पाय कोणाचा वापरला ते लिहून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी राहिलेले शॉट घेताना, म्हणजे पॅचवर्कला, वेगळ्या मापाचा पाय आला तर ते दिसतं. ठसे दिसण्यासाठी उजेड समोरून नाही चालत, तो पलीकडून, खालून, तिरका यावा लागतो, म्हणजे दारातून येणारा पॅसेजचा दिवा कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. म्हणून वरच्या शॉटमध्ये ती दारात काळी आकृतीच दिसणार, तिचा चेहरा उजळायला गेलं तर ठसा जातो. हे असं कागदावर आधीच कळलं तर शूटच्या रात्री भांडणं होत नाहीत.

जिना आणि लाइन

१८० डिग्रीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: दोन पात्रांमध्ये किंवा चालण्याच्या दिशेत एक काल्पनिक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर लाइन क्रॉस होते आणि डावीकडून उजवीकडे जाणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये परत येतोय असं वाटतं. खोलीत हे सोपं जातं. जिन्यात मात्र लोक हमखास फसतात, कारण आपल्या बिल्डिंगचे जिने प्रत्येक मधल्या टप्प्यावर उलटे वळतात, म्हणजे पात्र खरोखरच एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे चढत असतं. ह्यावर उपाय सरळ आहे, टप्प्यावर एक शॉट असा घ्यायचा की ती थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येते किंवा थेट लांब जाते, ह्या शॉटला दिशा नसते, त्यामुळे त्याच्यानंतर बाजू बदलली तरी डोळ्याला खटकत नाही. पायांचा अगदी टाइट क्लोजही चालतो, पण त्यात दिशा दिसू द्यायची नाही. फ्लोअर प्लॅन काढताना प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागेला नंबर आणि बघण्याच्या दिशेला बाण दिला तर ही चूक बसल्या जागी सापडते.

ह्याचाच भाऊ म्हणजे ३० डिग्रीचा नियम. एकाच माणसाचे लागोपाठ दोन शॉट लावताना कॅमेरा निदान ३० डिग्री सरकलेला असावा, शॉटची साइज पण बदललेली बरी, नाहीतर जंप येतो, म्हणजे चित्र जागच्या जागी उडी मारल्यासारखं वाटतं.

तिरपा कॅमेरा, म्हणजे डच अँगल, विद्यार्थ्यांना फार आवडतो. कॅरोल रीडच्या १९४९ च्या द थर्ड मॅनमध्ये तो भरपूर आहे आणि शोभतोही, कारण युद्धानंतरचं ते पडकं, चार सत्तांमध्ये वाटलेलं व्हिएन्ना खरंच कलंडलेलं आहे. पण आपल्या गोष्टीत अजून काही बिघडलेलंच नसताना पहिल्या शॉटपासून कॅमेरा तिरपा केला तर नंतर बिघडल्यावर काय करणार? वरच्या उदाहरणात मी तो एकदाही वापरणार नाही, वापरलाच तर ठशांच्या पीओव्हीला, तोही किंचित.

दुसरा मोह अख्खं ओपनिंग एका सलग शॉटमध्ये करायचा. ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या टच ऑफ इव्हिलची सुरुवात तीन मिनिटांहून मोठ्या एकाच क्रेन शॉटची आहे, ती सगळे दाखवतात, पण त्यात बघण्यासारखं हे की शॉट सुरू होतो तो हातातल्या टाइम बॉम्बवर, तो गाडीच्या डिकीत जातो आणि मग आपण ती गाडी शोधत राहतो. लांबी त्या बॉम्बमुळे सहन होते. बॉम्ब नसलेला लांब शॉट हा फक्त लांब शॉट.

फोनवर शूट करताना

आता बहुतेक मुलं फोनवरच शूट करतात आणि त्यात वाईट काही नाही, पण दोन-तीन गोष्टी शॉट लिस्टमध्येच लिहून टाकाव्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, फोन ऑटोवर राहिला आणि शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते) भलतीकडे गेलं की भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. आमचा पहिला जिन्याचा सीन असाच गेला, रात्री फोनच्या स्क्रीनवर कोणालाच दिसलं नाही आणि सकाळी लॅपटॉपवर बघितलं तर प्रत्येक शॉटमध्ये पट्टे, रडू आलं होतं. मॅन्युअल कंट्रोल देणारं अॅप घेऊन सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर लॉक केलं की हा प्रश्न बहुतेक वेळा मिटतो. एक्स्पोजर आणि फोकस पण लॉक करायचे, नाहीतर दिवा लागला की फोन स्वतःहून सगळी फ्रेम उजळ-अंधार करत बसतो आणि आपला अंधारच जातो.

रात्रीचे बाहेरचे शॉट खऱ्या काळोखात घेण्यापेक्षा सूर्य बुडाल्यानंतरच्या वीसेक मिनिटांत घेतलेले चांगले दिसतात, आकाशात निळा उरलेला असतो आणि खिडक्यांतले पिवळे दिवे लागलेले असतात. वेळ एवढी थोडी म्हणून त्या वेळात एकच सेटअप ठेवायचा, जास्तीत जास्त दोन, आणि रिहर्सल आधी झालेली पाहिजे. सोसायटीच्या लोकांना आधी सांगून ठेवायचं, आणि गोष्टीत खोटं पिस्तूल-सुरी असेल तर रस्त्यावर तर अजिबात बाहेर काढायची नाही, लांबून बघणाऱ्याला ती खरीच वाटते.

आवाजाचा कॉलम

शॉट लिस्टमध्ये नंबर, साइज, अँगल, मूव्हमेंट, सेकंद हे सगळे लिहितात, आवाजाचा कॉलम बहुतेक वेळा रिकामा असतो. थ्रिलरमध्ये तो आधी भरावा असं माझं ठाम मत आहे. वरच्या उदाहरणात पाऊस, जिन्यातली चप्पल, कुलूप, आणि दार लावल्यावर एकदम कमी झालेला पाऊस, एवढ्यावर अर्धं काम होतं, संगीत लागलंच तर अगदी शेवटी. प्रत्येक जागेचा निदान एक मिनिट नुसता शांत आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा, सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहून, म्हणजे एडिटमध्ये भोकं बुजवता येतात. फ्रिज बंद करायचा कारण त्याची घरघर माइकला फार लागते, आणि बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे घरी निघताना तो परत चालू केल्याशिवाय कोणी जात नाही.

टायटल कुठल्या शॉटवर येणार ते पण ह्याच कागदावर. नाव फ्रेमच्या रिकाम्या बाजूला, पात्र ज्या बाजूला चाललंय तिथे नाही, आणि ठशांच्या शॉटवर एकही अक्षर नको, तिथे डोळ्याला दुसरं काही वाचायला द्यायचं नाही. फिल्मचं नाव शेवटच्या लाँग शॉटनंतर, काळ्या फ्रेमवर, पाऊस चालू असताना.