खारं पाणी, गरोदर बाई आणि दोन हजार लिटरची टाकी

बांगलादेशाच्या खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात पावसाळा सरला की गरोदर बायकांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण वाढतं. संशोधकांनी २०११ साली मांडलेल्या अंदाजानुसार कोरड्या ऋतूत तिथल्या माणसाच्या पोटात नुसत्या पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम जातं, पावसाळ्यात ०.६ ते १.२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सगळं अन्नपाणी धरून २ ग्रॅम आहे. पुढच्या अभ्यासात या पाण्याचा प्री-एक्लॅम्पसियाशी, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतणाऱ्या आजाराशी, संबंध दिसला.

हे मीठ फक्त समुद्र चढल्यामुळे आलेलं नाही. गंगेचं गोडं पाणी कोरड्या ऋतूत कमी उतरतं. २००९ च्या 'आयला' वादळात बांध फुटले आणि दाकोपच्या काही गावांत भरतीचं पाणी जवळजवळ दोन वर्षं येत-जात राहिलं. शिवाय १९८० च्या दशकापासून कोळंबीच्या शेतीसाठी बांधाच्या आत मुद्दाम खारं पाणी घेतलं गेलं. कोळंबी परदेशी गेली, परकीय चलन आलं, त्याला विकास म्हटलं गेलं. परसातली भाजी, गाईचा चारा आणि गोडं तळं गेलं, ते कुठल्याच हिशेबात धरलं नाही. खुलन्याच्याच पाईकगाछा भागातल्या हरिणखोल्यात ७ नोव्हेंबर १९९० रोजी या कोळंबीशेतीविरुद्धच्या मोर्च्यात पुढे असलेल्या करुणामयी सरदार या भूमिहीन बाईला ठार मारण्यात आलं. तिथल्या २२ क्रमांकाच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल जमिनीत, त्यानंतर कोळंबीला शिरकाव मिळाला नाही. हवामान-न्यायाची, म्हणजे हवामानबदलाला जबाबदार कोण आणि सोसतं कोण याची, चर्चा कार्बनपासून सुरू करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आता उपाय. पाणी उकळून मीठ जात नाही, उलट वाफ गेल्यावर उरलेलं पाणी अधिक खारट होतं. तुरटीने गाळ बसतो, तळ्याकाठच्या वाळूच्या गाळणीने गढूळपणा आणि बरेचसे जंतू जातात. मीठ तिथंच राहतं. म्हणून पावसाचं पाणी साठवायचं.

हिशेब सोपा आहे. पाच माणसं, माणशी २ लिटर, कोरडे सात महिने: सुमारे २,१०० लिटर. म्हणजे २,००० लिटरची टाकी जेमतेम पिण्यापुरती, स्वयंपाकाचं पाणी वेगळंच. २० चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की गळती वजा जाता १६ लिटर हाती येतात, तेव्हा ही टाकी १२५ मिलिमीटर पावसात भरते. खुलन्यात वर्षाला १,७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाऊस मुबलक आहे, कमी पडते ती टाकी. प्रत्येक सरीचं पहिलं पाणी, पत्र्यावरच्या १-२ मिलिमीटर पावसाएवढं, सोडून द्यावं, कारण त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. तोंडाला बारीक जाळी लावावी, झाकण घट्ट असावं, नाहीतर डास अंडी घालतात. तोटी तळापासून बोटभर वर घ्यावी म्हणजे गाळ येत नाही आणि टाकी ओट्यावर ठेवावी, नाहीतर तोटीखाली कळशी मावत नाही.

ही शेवटची चूक वारंवार दिसते, कारण आराखडा ठरवताना कळशी उचलणारीला कोणी बोलावलेलं नसतं. गोलपाता झाडाच्या पानांनी शाकारलेल्या छपरावरून स्वच्छ पाणी मिळत नाही, म्हणून टाकीबरोबर पत्रा आणि पन्हळ द्यावी लागते. तेवढं न दिल्यास सर्वांत गरीब घरं यादीतून आपोआप गळतात आणि त्यांत एकट्या बायकांची घरं पुष्कळ. लाभार्थी म्हणून जमिनीच्या मालकाचंच नाव मागितलं, तरी त्याच बायका वगळल्या जातात.

खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांसाठी २०१८ साली हरित हवामान निधीने (विकसनशील देशांना हवामानबदलाशी लढायला पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) मंजूर केलेला प्रकल्प, एकूण सुमारे ३.३ कोटी डॉलरचा, निदान या प्रश्नापासून सुरू झाला. टाक्यांच्या देखभालीत आणि पाण्याच्या समित्यांत बायकांना स्थान दिलं. पण समितीत नाव असणं पुरेसं नाही. पन्हळ तुटल्यावर दुरुस्तीचे पैसे कुणाच्या सहीने निघतात आणि एप्रिलमध्ये टाकी तळाला गेली की आधी कुणाला पाणी द्यायचं हे कोण ठरवतं, तेही विचारायला हवं. गरोदर बाईला पहिला वाटा, हा नियम पावसाळ्याआधीच लिहून ठेवावा.