‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे विचारायला घाबरू नका

पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं टिकून आहे: खचलेल्या मित्राला आत्महत्येबद्दल थेट विचारू नये, नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल. हा समज चुकीचा आहे, आणि घातकही.

याची रीतसर चाचणी झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी विद्यार्थ्यांपैकी एका गटाला हा प्रश्न विचारला, दुसऱ्याला नाही. २००५ साली निष्कर्ष छापून आले. विचारलेल्या गटात ना ताण वाढला, ना तसे विचार. आधीच नैराश्यात असलेल्यांचा त्रास तर कमी दिसला. २०१४ मध्ये १३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात प्रौढही होते. निष्कर्ष तोच.

संशोधकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. घर लांब, फेलोशिप रखडलेली, पुढची सगळी वाट एका गाइडच्या सहीवर अवलंबून. अशा वेळी गाइडला किंवा घरच्यांना न दिसणारा बदल शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आधी दिसतो. जेवण सुटलंय, लॅबमध्ये येणं बंद झालंय, ‘आता काय उरलंय’ अशी भाषा सुरू झालीय. मग एकांतात, स्पष्ट शब्दांत विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर घाबरून उपदेश सुरू करू नका. ऐका, एकटं सोडू नका, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. उपचार करणं तुमचं काम नाही. समुपदेशकापर्यंत सोबत जाणं तुम्हाला जमेल. रात्री-अपरात्रीही १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लावता येतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.