झूम की ट्रॉली? आणि ती सनई नक्की कोण ऐकतंय?

"मामा, ही बघ ट्रॉली!" भाचा म्हणाला. म्हापशाला त्याचा लग्नं-मुंजी शूट करायचा धंदा आहे, आणि नव्या कामातला एखादा तुकडा मला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पडद्यावर देवळाचं सभागृह होतं. मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नवरीची आजी बसलेली. तिचा चेहरा हळूहळू मोठा होत गेला, आणि सोबत सनई. डोळ्यांत पाणी यावं अशीच सगळी जुळणी. माझ्या काही आलं नाही, आणि का आलं नाही हे सांगताना आमचं तासभर वाजलं.

कारण ती ट्रॉली नव्हतीच, झूम होता. भाच्याने स्टेजजवळची जागा न सोडता नुसती लेन्स फिरवली होती.

"पण आजी जवळ आली ना? मग झालं तर."

हे त्याचं एकट्याचंच नाही. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. गळ्यात डेलिगेट कार्ड घातलेली, वर्षाला वीस-वीस सिनेमे बघणारी माणसंसुद्धा रांगेत उभी राहून दोन्हीला सरसकट 'कॅमेरा पुढे गेला' म्हणतात. ट्रॉलीत कॅमेरा खरंच पुढे जातो: पूर्वी रुळांवर गाडी ढकलत, आता बहुतेक लग्नांत गिंबल, म्हणजे कॅमेऱ्याचे हादरे सावरणारी मूठ, हातात धरून चालत. झूममध्ये कॅमेरा असतो तिथेच असतो. आत भिंगं सरकतात, बस.

फरक बघायला मोबाइल पुरे. आमच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि त्याच्या मागे साधारण ४० फुटांवर पोफळींची रांग. भाच्याला मी पायरीवर उभं केलं. तिथून वृंदावन २० फूट. आधी त्याने जागेवरूनच चौपट झूम केला. वृंदावन चौपट मोठं झालं आणि मागच्या पोफळीही चौपट झाल्या. सगळंच एकदम फुगलं. पोफळी जणू वृंदावनाच्या पाठीला येऊन चिकटल्या. मग झूम काढून तो चालत पुढे गेला, वृंदावनापासून ५ फुटांवर. वृंदावन पुन्हा तेवढंच, चौपट. पोफळी मात्र पायरीवरून ६० फुटांवर होत्या त्या आता ४५ फुटांवर आल्या, म्हणजे दिसायला जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाढल्या. शिवाय वृंदावनाच्या कडेला मघाशी दिसणारी एक पोफळ चालता चालता त्याच्या आड गेली. झूममध्ये असं काही होत नाही. कोण कुणाच्या आड, हे आधी जसं असेल तसंच राहतं.

एवढ्यावरही पटेना, तेव्हा पायरीवरून काढलेल्या साध्या फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केला. चित्र थोडं फुटलं, पण मांडणी हुबेहूब झूमसारखी. झूम म्हणजे एका अर्थी कात्रीच की!

आता बघणाऱ्याला यातलं काय जाणवतं? आपल्या डोळ्याला झूम नसतो. रांगायला लागल्यापासून एखादी गोष्ट जवळून बघायची तर आपण तिच्याकडे सरकतो, आणि सरकताना आजूबाजूच्या वस्तू बाजूने मागे जातात, एकमेकींच्या आड होतात. ट्रॉलीत हे सगळं असतं, म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या अंगाला चालल्यासारखं वाटतं. झूममध्ये आपण पायरीवरच उभे. समोरचं चित्र तेवढं ओढून आणलेलं. ट्रॉली आपल्याला त्या माणसाकडे नेते. झूममध्ये त्या माणसाला, त्याला न विचारता, आपल्याकडे आणलं जातं. आजीच्या शॉटमध्ये हेच खटकत होतं. दुरून कुणीतरी तिच्याकडे टक लावून बघतंय, असं वाटत होतं.

म्हणून झूम वाईट, असं मात्र नाही. टीव्हीवरच्या सासूच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा आदळणाऱ्या झूमने त्याची अब्रू घालवली, तो भाग सोडा. सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) बघा. सुरुवातीलाच एकटी, कंटाळलेली चारू दुर्बीण डोळ्याला लावून खिडक्यांतून रस्त्यावरची माणसं बघत फिरते. नवरा पुस्तकात नाक खुपसून शेजारून निघून जातो, त्याचं हिच्याकडे लक्षही नाही. ती त्याच्याकडेही दुर्बिणीतूनच बघते, मग दुर्बिणीचा हात खाली येतो, आणि झूम झटक्यात मागे उघडतो. इथे ट्रॉली चालली नसती. दुर्बीण स्वतःच झूम आहे: माणूस डोळ्यासमोर, पण हाताला लागत नाही. त्या घरातल्या एका नात्याची अख्खी हकीकत एका लेन्सच्या हालचालीत येते. कितीदा बघितला तरी हा शॉट मला पुरत नाही.

दोन्ही एकदम, पण उलट दिशांना केले तर? आल्फ्रेड हिचकॉकने 'व्हर्टिगो'मध्ये (१९५८) उंचीला घाबरणाऱ्या माणसाची भोवळ अशीच दाखवली. जिन्याच्या उभ्या विहिरीत कॅमेरा वरखाली न्यायचा खर्च परवडेना, म्हणून जिन्याची छोटी प्रतिकृती करून ती आडवी ठेवली आणि ट्रॉली एकीकडे, झूम दुसरीकडे. आम्हीही अंगणात केलं. चौपट झूमवर सुरुवात करून, झूम कमी करत करत भाचा ५ फुटांपर्यंत गेला. वृंदावन तेवढंच राहिलं आणि पोफळी आकसून एक तृतीयांश झाल्या. "बापरे," तो म्हणाला आणि लगेच पुन्हा केलं. हा शॉट त्याच्या पुढच्या चार लग्नांत येणार, याची मला तेव्हाच धास्ती वाटली.

राहिली सनई.

तिच्यातही नेमकी तीच गफलत होती. सभागृहात लग्नाच्या वेळी स्पीकरवर सनई वाजत होतीच. पण व्हिडिओत ऐकू येत होती ती वेगळी, भाच्याने घरी संगणकावर चढवलेली. वाद्य तेच, जागा मात्र साफ निराळी. एक सनई आजीच्या कानांवर पडत होती, दुसरी फक्त आपल्या. पहिलं दृश्यातलं संगीत, दुसरं पार्श्वसंगीत. ओळखायची माझी साधी खूण: पात्राला उठून ते बंद करता येईल का? येत असेल तर दृश्यातलं.

जत्रेतल्या नाटकांवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे खरं तर समजावायला नको. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला आपल्याला डोळ्यांसमोर दिसतात, पण नाटकातल्या राजाला ते कधी दिसत नाहीत. आपण कुठे विचारतो, वनात ऑर्गन कुठून आला? सिनेमाने वाजवणारे दिसेनासे केले. हिंदी सिनेमात नायक ओसाड माळावर गायला लागला की मागे व्हायोलिनचा ताफा उभा राहतो, आणि त्यातले कितीतरी हात आपल्या गोव्यातल्या वाड्यांवरचे होते. चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकलेली ही पोरं मुंबईला गेली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी अरेंजर म्हणून नाव काढलं, सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. चाल संगीतकाराची, पण कुठल्या वाद्याने कधी शिरायचं हे कागदावर लिहायचे ते अरेंजर. त्यांची नावं मात्र बहुतेक श्रेयनामावलीबाहेरच राहिली.

पार्श्वसंगीत पात्राच्या पाठीमागे आपल्याशी बोलतं. 'जॉज' (१९७५) आठवा. शार्क येताना संगीतकार जॉन विल्यम्सचे दोन स्वर वाजतात. किनाऱ्यावरच्या एकालाही ते ऐकू येत नाहीत, आपल्याला येतात, म्हणून आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो. गंमत पुढे आहे. दोन पोरं शार्कचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते स्वर वाजतच नाहीत. म्हणजे संगीत आपल्याशी खरं बोलतं, असा आपला विश्वास बसतो. आणि मग एकदा शार्क संगीताशिवाय पाण्यातून वर येतो! पहिल्यांदा बघताना माझ्या हातातले शेंगदाणे पुढच्या रांगेत गेले होते.

दृश्यातल्या संगीताचं वजन दुसऱ्या जातीचं. त्याच वर्षीच्या 'शोले'त जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या घरात राधा एकेक दिवा मालवत जाते. तो सूर तिलाही ऐकू येतो, आणि त्याला हे ठाऊक आहे. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. हीच धून आभाळातून वाजली असती तर ती नुसती दिग्दर्शकाची टिप्पणी झाली असती. जयच्या ओठांवरून आली म्हणून ते त्याचं बोलणं झालं.

पार्श्वसंगीत मुळीच नको, हा प्रयोग मराठीत फार आधी झाला. प्रभातच्या 'कुंकू'त (१९३७) व्ही. शांतारामांनी ते वगळलं आणि घरातल्या आवाजांवर भिस्त ठेवली. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीची गोष्ट. तिची कीव करा, असं सांगायला व्हायोलिन येत नाही. प्रेक्षकाला त्या घरात कोंडून ठेवलंय, दार उघडून देणारं कुणी नाही.

तेव्हा कॅमेऱ्याचं आणि संगीताचं कोडं मला एकच वाटतं: मी कुठे उभा आहे? ट्रॉली आणि दृश्यातला सूर मला त्या खोलीत उभं करतात. झूम आणि पार्श्वसंगीत मला बाहेर ठेवून आतलं दाखवतात. दोन्हींची सरमिसळही होते, आणि चांगले लोक ती जाणूनबुजून करतात. भाच्याची मात्र नकळत झाली होती, आणि सनईने ती झाकून टाकली होती.

म्हणून मी त्याला सनई बंद करायला लावली. नुसत्या मूळ आवाजावर तो शॉट पुन्हा लावला, आणि बिंग फुटलं. आजीचा चेहरा पडदाभर झाला तरी आवाज स्टेजवरचाच: भटजींचा माइक, अक्षता मागणारं कुणीतरी, पंख्याची घरघर. आजी ओठ हलवत होती, शब्द एकही नाही. चेहरा आला होता, आजी तिकडेच राहिली होती. भाचा तोंड पाडून बसला, पण धंद्याला पक्का. पुढच्याच आठवड्यात फोंड्याच्या बाजूला लग्न होतं, तिथे त्याने गिंबल घेतला आणि चालत गेला.

तो शॉट त्याने मला परवा दाखवला. पुन्हा एक आजी, मागच्या रांगेत. खुर्च्या दोन्ही बाजूंनी मागे सरकतात, एक पोरगं आडवं धावत जातं, कॅमेरा किंचित डुलतो. भटजींचा आवाज मागे पडत जातो, बांगड्यांचा वाढतो. आजीला चाहूल लागते, ती वर बघते, थेट लेन्समध्ये, आणि कोकणीत म्हणते, "जेवलो रे पुता?" जेवलास का रे, बाळा?

"हे कापणार आहे," भाचा म्हणाला. "तिने कॅमेऱ्यात बघितलं, शॉट वाया गेला. वरून सनई टाकतो."

त्याच्या हातातला माउस मी काढून घेतला.